चार फुटी मरीन टँकचा स्टँड आणि हूड: जुना का गेला, नवा कसा बांधला

टँक खाऱ्या पाण्याचा, १२२० × ६१० × ६१० मिमीचा, काच १२ मिमी, वरच्या कडेला आतून ८० मिमी रुंद काचेच्या आडव्या पट्ट्या, तळ सपाट. आत प्रवाळ, जिवंत खडक आणि थोडे मासे, स्टँडच्या पोटात ९० × ४० × ४० सेंमीचा सम्प, म्हणजे टँकचं पाणी उतरून पंपाने परत वर जातं ती खालची टाकी. जुना स्टँड १८ मिमी पार्टिकल बोर्डचा, किचनच्या कपाटासारखा बांधलेला: दोन बाजूच्या उभ्या फळ्या, मध्ये एक, वर एक आडवी, बाहेरून सनमायका. तीन वर्षांनी पाण्याची रेघ काचेच्या काठाशी तिरकी दिसू लागली. उजव्या मागच्या कोपऱ्यात पाणी काठाच्या जवळ आलं होतं, समोरच्या डाव्या कोपऱ्यात खाली गेलं होतं. फरक ७ मिमी.

टँक तिरका झाला की संशय वजनावर जातो आणि पुढचा स्टँड दुप्पट जाड लाकडाचा होतो. इथे आधी जुना स्टँड रिकामा करून व्हर्नियरने मोजला. डावी फळी वरपासून खालपर्यंत १८ मिमी भरली. उजवी वर १८, पण जमिनीपासून १२ सेंमीच्या पट्ट्यात २३. दोन्ही फळ्यांवर वजन जवळपास सारखंच होतं. उजवीकडे रिटर्न पंपाचं (पाणी सम्पमधून परत वर चढवणाऱ्या पंपाचं) युनियन, म्हणजे पाइपचा उघडता येणारा जोड होता, एवढाच फरक. त्यातून अधूनमधून थेंब पडायचा, पुसला जायचा, आणि जो पुसला जात नव्हता तो फळीच्या खालच्या कच्च्या कडेत मुरायचा.

गोड्या पाण्याचा थेंब मुरला तर निदान वाळतो. खाऱ्याचं तसं नाही. लाकडात राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढत बसतं. साधं मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला विरघळू लागतं, पण समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरतं. सम्प असलेल्या बंद कपाटात आर्द्रता याहून बरीच जास्त असते. म्हणजे एकदा खारं पाणी प्यायलेलं लाकूड तिथे पुन्हा कोरडं होतच नाही. पार्टिकल बोर्ड आधी फुगतो, मग त्यातला भुसा एकमेकांना सोडतो आणि फुगलेला भाग वजनाखाली चेपत जातो. इथे तेच झालं होतं: स्टँड वजनाने नाही, ओलीने गेला. नवा आराखडा याच निष्कर्षावर बेतला.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. चारही कोपरे सारखे कलले तर टँक कुरूप दिसतो, पण बराच काळ तगतो. एकच कोपरा खचला तर तळकाचेला पीळ बसतो आणि त्याचा ताण थेट सिलिकॉनच्या जोडांवर येतो. अशा वेळी स्टँडखाली पाचर मारून चालवत राहणं धोक्याचं. टँक रिकामा करणं हाच उपाय.

वजन किती आणि ते जमिनीपर्यंत कसं पोचतं

काच एका चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो भरते, म्हणजे १२ मिमीला ३० किलो. त्या हिशेबाने रिकामा टँक सुमारे ९६ किलो. काठाखाली ५ सेंमी सोडून पाणी धरलं तर ३८५ लिटर, त्यातून खडक आणि वाळूने हटवलेलं वजा करून ३५०. खाऱ्या पाण्याची घनता १.०२५, म्हणून ३६० किलो. वाळू आणि खडक मिळून ८०, हूड, म्हणजे टँकवर बसणारं झाकण, दिव्यांसकट २०. वरच्या फळीवर साडेपाचशे किलो आले. सम्प, त्यातलं पाणी आणि उपकरणं मिळून १२०, स्टँडचं स्वतःचं वजन ८५. जमिनीवर एकूण साडेसातशे किलो, तेही पाऊण चौरस मीटरवर. घरातल्या खोल्यांची जमीन सर्वसाधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास पसरलेला भार धरून बांधलेली असते. म्हणून टँक भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवायचा. वरच्या मजल्यावर असेल तर बांधकामाच्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय नाही.

आता लाकूड. ४५ × ९० मिमीच्या एका उभ्या पायावर, वजन असमान पडलं असं धरून, २०० किलो आले तरी दाब दर चौरस मिमीला अर्धा न्यूटनसुद्धा होत नाही. पाइनसारखं मऊ लाकूड रेषांच्या दिशेने याच्या दहापट सहज घेतं. पाया ज्या आडव्या पट्टीवर टेकतो तिथे लाकूड रेषांना आडवं दाबलं जातं आणि त्या दिशेने ते खूप कमजोर असतं, पण तिथेही साधारण चौपट सवड उरते. पायांची जाडी हा प्रश्नच नाही.

प्रश्न आहे समोरच्या वरच्या आडव्या पट्टीचा. सम्प आत-बाहेर करता यावा म्हणून समोर मधला पाया नको होता. वरच्या वजनाचा अर्धा भाग, २७५ किलो, त्या एका पट्टीवर पसरला आणि आधारांमधलं अंतर ११३० मिमी धरलं, तर ४५ × ९० ची पट्टी मध्यात सुमारे २ मिमी वाकते. ४५ × १४० ची पट्टी अर्ध्या मिमीच्या आसपास वाकते. कडकपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे लाकूड दीडपट लावलं की वाक जवळजवळ चौथाईवर येतो. लाकूड कायमच्या वजनाखाली हळूहळू आणखी बसतं, म्हणून हिशेबातला आकडा दुप्पट धरून बघावा: एक मिमी चालतो, चार चालत नाहीत. प्रत्यक्षात काचेची उभी बाजू स्वतःच तुळईसारखी वागून बरंच वजन कोपऱ्यांकडे नेते, पण त्या भरवशावर पट्टी पातळ करणं म्हणजे स्टँडचं काम काचेवर ढकलणं. मागच्या बाजूला मधला पाया दिला, तिथे कोणाचं काही अडत नाही.

लाकूड आणि कापणी

चौकटीसाठी पाइन घेतलं, भट्टीत वाळवलेलं. ओल मोजणाऱ्या मीटरवर १२ टक्के. वखारीतून आलेलं १८ टक्क्यांचं लाकूड तसंच लावलं असतं, तर १४० मिमीची पट्टी घरात वाळता वाळता उंचीला जवळपास २ मिमी आकसली असती. पाया मात्र लांबीत आकसत नाही. पाये आणि पट्ट्या वर एका पातळीत संपवल्या तर काही महिन्यांनी पट्टी खाली जाते, पायांची टोकं वर राहतात आणि टँक चार ठिपक्यांवर उभा राहतो. म्हणून वरची अख्खी चौकट पायांच्या डोक्यावर बसवली. आकसली तरी चारी बाजूंनी सारखी खाली येते. वजनही स्क्रूवर येत नाही, लाकडावर लाकूड टेकलेलं असतं. स्क्रूंचं काम फक्त जागेवर धरून ठेवण्याचं.

सागवान हौसेने वापरतात आणि ओलीला ते उत्तमच, पण तेलकट असल्यामुळे गोंद धरत नाही. वापरायचंच तर जोडाची जागा गोंद लावण्याच्या लगेच आधी अ‍ॅसिटोनने पुसावी लागते. दाबाखाली औषध मुरवलेलं हिरवट लाकूड मात्र घेऊ नये. त्यातली बहुतेक औषधं तांब्याची असतात, आणि प्रवाळ, कोळंबी, शंख यांना तांबं अत्यल्प प्रमाणातही मारतं. वाळवीचं औषध फवारून दिलेल्या प्लायचंही तेच. पायरेथ्रॉइड कीटकनाशकं माशांना आणि कोळंबीला घातक असतात, आणि हूडची आतली बाजू तर पाण्याच्या वरच असते.

कापणी अशी. ४५ × १४० मध्ये वरच्या चौकटीसाठी १२२० चे दोन आणि ५२० चे दोन. ४५ × ९० मध्ये खालच्या चौकटीसाठी तीच मापं, ५२० चे आणखी पाच तुकडे आडव्या आधारांसाठी (वर दोन, खाली तीन), ६०२ चे पाच पाये, आणि ८२६ च्या चार कोपरपट्ट्या. कोपरपट्टी पायाच्या मागे, चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात खालपासून वरपर्यंत जाते आणि दोन्ही चौकटींना पायाशी बांधते. चौकटींसकट पूर्ण उंची ८३२ भरते. पट्टी दोन्ही टोकांना ३ मिमी आखूड ठेवली ती मुद्दाम, नाहीतर आकसण्याची वरची भानगड मागच्या दाराने परत येते. एकूण ४५ × १४० साडेतीन मीटर आणि ४५ × ९० साडेबारा मीटर लागलं. गाठी आणि वाकडे तुकडे टाकून देता यावेत म्हणून प्रत्येकी दहा टक्के जास्त आणलं.

प्लाय मरीन, फिनॉलिक गोंदाचा. वरची फळी १८ मिमीची, १२४४ × ६३४. तळफळी १८ मिमीची, १२२० × ६१०. दोन्ही २४४० × १२२० च्या एका तक्त्यात शेजारी शेजारी लांबीत मांडल्या तर २४ मिमी कमी पडतात, रुंदीतही तेवढेच. तळफळी आडवी फिरवून तक्त्याच्या पूर्ण रुंदीत काढली की दोन्ही बसतात आणि उरलेल्यात ५३० × ६०० ची दोन दारंही निघतात. कापायला देण्याआधी कागदावर मांडून बघण्याचा फायदा तो हाच. पाठ आणि बाजू १२ मिमीच्या.

जोडणीचा क्रम

खालची चौकट सपाट जागेवर जोडायची, दोन्ही कर्ण मोजायचे. एक मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर गोंद ओला असतानाच दाबून सरळ करायची. गोंद डी-४ वर्गाचा, ओल सहन करणारा. स्क्रू ५ × ८० मिमी, ३१६ स्टेनलेसचे. ३०४ स्टेनलेस खाऱ्या दमट हवेत तपकिरी ठिपके धरतं. आतल्या जोडात ते चाललं असतं, पण दोन प्रकारचे स्क्रू जवळ ठेवले की चुकीचा स्क्रू हूडमध्ये जाणारच. प्रत्येक स्क्रूला आधी ३ मिमीचं भोक. पट्टीच्या टोकाशी भोक न पाडता स्क्रू मारला तर पाइन हमखास तडकतं.

मग पाये आणि कोपरपट्ट्या. त्यानंतर लगेच तळफळी, वरची चौकट चढवण्याआधी. तळफळीला चार कोपऱ्यांत आणि मागच्या मधल्या पायाभोवती खाचा आहेत, ती फक्त वरून खाली उतरते. वरची चौकट बसल्यावर तिला आत न्यायला वाट नाही. हे विसरलं की फळी मधोमध कापून दोन तुकड्यांत घालावी लागते, आणि गळतीचं पाणी धरण्यासाठीच घातलेल्या फळीच्या बरोबर मध्यात फट तयार होते.

वरची चौकट बसल्यावर पाठीचा १२ मिमी प्लाय गोंद लावून दर १५० मिमीवर स्क्रूने बसवला. स्टँड डावी-उजवीकडे झुकू नये ही जबाबदारी या एका फळीची. पाइपांसाठी पाठ अख्खी कापून टाकणं ही नेहमीची चूक. इथे १६० मिमी उंच, ४०० मिमी रुंद एकच खिडकी मध्ये ठेवली, कोपऱ्यांपासून १५० मिमीपेक्षा जवळ काहीच कापलं नाही, आणि पंख्यांसाठी दोन गोल भोकं. बाजूच्या फळ्या पुढे-मागे झुकणं थांबवतात.

सगळ्यात शेवटी वरची फळी. ती बसवल्यावर १२०० मिमीची सरळ पट्टी उभी धरून, मागून टॉर्च मारून पाहिलं. उजेड दिसेल तिथे खड्डा, पट्टी डुलेल तिथे उंचवटा. उंचवटा एका स्क्रूच्या डोक्यापाशी होता, सव्वा मिमी. स्क्रू खोल घेऊन खड्डा इपॉक्सीने भरला आणि पॉलिश पेपर लावला. सपाट तळकाचेखाली १० मिमीचा फोम येणारच असला तरी फोम हा खडबड पचवण्यासाठी असतो, उंचवटा झाकण्यासाठी नाही. प्लॅस्टिकच्या फ्रेमचा टँक असेल तर फोम घालूच नये: तिथे तळकाच अधांतरी असते, वजन फक्त फ्रेमच्या कडेवर येतं आणि फोम वर फुगून काचेला मधून ढकलतो.

दारं बिजागऱ्यांशिवाय, चुंबकावर. पूर्ण उचलून बाजूला ठेवता येतात. निओडिमियम चुंबकांवरचा निकेलचा मुलामा जरा खरचटला तरी आतून गंज धरतो, म्हणून चुंबक लाकडात खोल बसवून वरून इपॉक्सीने पूर्ण पुरले.

आतली बाजू

वेळ आणि लक्ष सगळ्यात जास्त इथे गेलं. आतली सगळी लाकडी पृष्ठं मिळून सुमारे ८ चौरस मीटर भरली. दोन घटकांच्या पारदर्शक इपॉक्सीचे तीन हात, सुमारे ३ किलो. सपाट पृष्ठांच्या आधी कडा: प्लायच्या कापलेल्या कडा, पायांची टोकं, पाइपांसाठी पाडलेल्या भोकांच्या आतल्या भिंती. लाकूड पाणी पितं ते इथूनच. टोकाला लावलेला पहिला हात पंधरा-वीस मिनिटांत आत शोषला जातो आणि जागा पुन्हा कोरडी दिसते. तेव्हाच दुसरा लावायचा, चमक टिकेपर्यंत. पायांची आणि चौकटींची टोकं जोडणीच्या आधीच अशी भरून घेतली, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही. फक्त गोंदाची पृष्ठं कोरी ठेवली.

इपॉक्सी वाळताना वर कधीकधी मेणचट, चिकट थर येतो. तो न धुता पुढचा हात दिला की काही महिन्यांनी पोपडे निघतात. पॉलिश पेपरने तो निघत नाही, उलट आत घासला जातो. साधं पाणी आणि खरखरीत स्पंज लागतो, मग कोरडं करून पेपर.

तळफळीच्या चारी बाजूंना ४० मिमी उंच पट्टी लावून कोपरे इपॉक्सीच्या लगद्याने गोल भरले. असा ट्रे, आत सम्प नसताना, २५ लिटरच्या आसपास पाणी धरतो. युनियनचा थेंब, स्किमरचा (बुडबुड्यांनी पाण्यातला मळ वेगळा काढणाऱ्या उपकरणाचा) कप भरून सांडणं, पाणी बदलताना पडलेला मग एवढ्याला तो पुरतो. सम्प फुटला तर काहीच पुरत नाही, तो विचार सोडून द्यावा. ट्रे पांढरा रंगवला. खाऱ्या थेंबाचा पांढरा डाग पांढऱ्यावर दिसत नाही अशी शंका रास्त आहे, पण ओला थेंब चमकतो आणि गंजाची पिवळी रेघ लगेच दिसते. गडद रंगावर दोन्ही हरवतात.

विजेचा बोर्ड डाव्या बाजूला, सम्पपासून दूर, वरच्या पट्टीलगत उभा बसवला. प्रत्येक वायर बोर्डात जाण्याआधी खाली झोळ घेऊन वर जाते, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळतं, सॉकेटमध्ये जात नाही. मागे ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच. बोर्ड सम्पच्या बरोबर वर टांगण्याची रीत बऱ्याच कपाटांत दिसते. स्किमरचे बुडबुडे फुटताना उडणारं बारीक मीठ सॉकेटच्या पात्यांवर बसतं, पाती गरम होतात आणि प्लास्टिक काळं पडतं.

इपॉक्सी पूर्ण पक्का व्हायला सात दिवस दिले. घाई केली असती तर त्रास फक्त वासाचा झाला नसता. स्किमर हवा कपाटातूनच ओढतो, म्हणजे न वाळलेल्या रंगाची वाफ सरळ पाण्यात ढवळली जाते.

हूड

जुना हूड वरून बंद होता, बाहेरून सनमायका आणि आतून कोरा. फळी एका बाजूने ओल पिते, दुसऱ्या बाजूने नाही, म्हणून ती फुगून दिव्यांच्या बाजूला वाकली होती. बिजागऱ्या पितळेच्या होत्या, त्यांच्यावर हिरवी पूड आलेली. पितळेत तांबं असतं. ती पूड थेट पाण्यात पडत होती. दुपारी पाणी साडेएकोणतीस अंशांवर जायचं.

नव्या हूडचं आतलं माप १२३० × ६२०, म्हणजे काचेपासून चारी बाजूंना ५ मिमी मोकळे. पाण्याच्या दाबाने समोरची काच किंचित बाहेर येते आणि प्लाय किंचित फुगतो. माप काटेकोर घेतलं तर सहा महिन्यांनी हूड निघत नाही. उंची ३०० मिमी, त्यातले ४० काचेच्या बाहेरून खाली उतरतात आणि काचेचा वरचा काठ झाकतात. पाण्याची रेघ हूडच्या खालच्या कडेखाली १० मिमी राहते, त्यामुळे टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं उपकरण) बंद पडून पातळी उतरली तर समोरूनच कळतं. आतून २० × २० च्या पट्ट्या, खाली ३ मिमी ईव्हीए फोम, आणि त्या फक्त दोन आखूड बाजूंच्या काचेवर टेकतात. लांब काचेच्या मध्यावर वजन द्यायचं कारण नाही. सगळा प्लाय १२ मिमीचा, दिवे सोडून वजन १२ किलो. एकट्याला उचलता येत नाही असा हूड उचलला जात नाही, आणि मग काच पुसलीही जात नाही.

वरचा भाग बंद नाही: ९०० × ३५० मिमीची मोकळी जागा, दिव्यांच्या बरोबर वर. दिवे पाण्यापासून २३० मिमीवर, हूडच्या आडव्या पट्टीवर टांगलेले. पट्टीची भोकं लांबट ठेवली, म्हणजे उंची बदलता येते. डाव्या बाजूला १२० मिमीचे दोन पंखे, आत हवा ढकलणारे, उजव्या बाजूला तेवढीच मोकळी जाळी. पंखे हवा बाहेर ओढणारे लावले तर तेच काम करतात, पण खारट दमट हवा त्यांच्या बेअरिंगमधून जाते आणि ते लवकर खडखडायला लागतात. आत ढकलणारा पंखा खोलीतली कोरडी हवा खातो.

पाणी थंड होतं ते बाष्पीभवनाने. एक लिटर पाणी उडताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता नेतं. दिवसाला तीन लिटर उडालं तर सरासरी ८३ वॅटचा चिलर चालवल्यासारखं झालं. इथे दुपारचं पाणी साडेसव्वीसवर आलं, चिलरशिवाय. बदल्यात रोज तेवढं गोडं पाणी परत घालावं लागतं, म्हणून सम्पमध्ये आपोआप पाणी भरणारा टॉप-अप लावला. मीठ उडत नाही, फक्त पाणी उडतं. वर खारं पाणी ओतत राहिलं तर क्षारता चढत जाते.

वर मोकळीक आली की मासे उडी मारून बाहेर पडतात. रास आणि फायरफिश या जाती यात पटाईत. अ‍ॅक्रिलिकचं झाकण नको होतं, कारण ते खालून ओल पिऊन मध्यात खाली झोकतं. त्याऐवजी ६ मिमी छिद्रांची पारदर्शक जाळी अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीच्या चौकटीत ताणून काचेच्या वरच्या पट्ट्यांवर ठेवली. उजेड फार अडत नाही आणि हवा मोकळी राहते.

बसवणं आणि भरणं

मासे आणि खडक हीटर आणि पंप असलेल्या पिंपांत, जुनी वाळू टाकून दिली. तिच्या पोटातला गाळ ढवळला गेला तर अमोनिया चढतो, धुण्याचा खटाटोप त्यापुढे परवडत नाही. रिकामा टँक चौघांनी सक्शन कपवर उचलला. पाणी तळाशी ठेवून टँक हलवणं कधीच नाही.

जमीन डावीकडून उजवीकडे ४ मिमी उतरत होती. स्टँड ज्या पायांवर उभा आहे त्यांच्या खाली १०० × १०० × १० मिमीचे एचडीपीई प्लास्टिकचे ठोकळे आणि उजवीकडच्या ठोकळ्यांखाली प्लास्टिकच्या पातळ चकत्या. ठोकळ्यांमुळे लाकडाची खालची कड जमिनीपासून वर राहते, फरशी पुसताना पाणी तिच्यात जात नाही. पातळी नेहमी स्टँडच्या खाली साधायची. टँक आणि स्टँड यांच्या मध्ये चकती सरकवली की काच त्या एका बिंदूवर उभी राहते.

आधी १० सेंमी पाणी, मग लेव्हल. मग अर्धा, पुन्हा लेव्हल. मग पूर्ण भरून एक दिवस तसाच. अर्ध्यावर एक कोपरा दीड मिमी बसला, तेव्हा पाणी काढून चकती वाढवली. भरलेल्या टँकखाली हे करता येत नाही.

पंप बंद केल्यावर टँकमधलं पाणी किती खाली येतं हेही तेव्हाच बघितलं. टँकमध्ये एक सेंमी म्हणजे सात लिटर. रिटर्नचं तोंड ३ सेंमी बुडालेलं असेल तर २१ लिटर आणि पाइपमधलं पाणी सम्पमध्ये उतरतं. सम्पमध्ये एक सेंमी म्हणजे साडेतीन लिटरच्या आत, म्हणजे पातळी सहा-सात सेंमी वाढते. सम्प २५ सेंमीवर चालवला, वर जागा उरली. हे गणित न करता स्टँड बांधला तर वीज गेल्याच्या पहिल्याच रात्री ट्रेची परीक्षा होते.

नंतर निघालेल्या तक्रारी

दारं बंद असताना रात्री पीएच ७.९ वर उतरायचा, दारं काढून ठेवली की ८.१ च्या वर राहायचा. खोलीतल्या आणि कपाटात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम, स्किमर तीच हवा पाण्यात मिसळतो. स्किमरची हवेची नळी पाठीच्या खिडकीतून बाहेर काढली आणि पीएच सावरला. पंख्यांचं भोक मोठं करण्याची गरज पडली नाही.

हूडच्या समोरची झडप (११८० × १७०, वरच्या कडेला पॉलिप्रॉपिलीनची सलग बिजागरी) दोन महिन्यांत आतल्या बाजूला ४ मिमी फुगली. तिला बाहेरून पीयू (पॉलियुरेथेन) वार्निशचे चार हात दिले होते, आतून इपॉक्सीचा एकच. पातळ लेपाच्या बाजूने ओल जास्त जाते, ती बाजू फुगते आणि फळी वाकते, जुन्या हूडचाच रोग सौम्य रूपात. नवी झडप दोन्ही बाजूंना आणि चारी कडांना सारखे हात देऊन केली. जुनी उलटी लावून पाहिली होती, तिने वाक बाहेरच्या बाजूला दाखवला.

तिसरी जागा रिटर्नच्या पाइपपाशी, जिथे हूडच्या मागच्या पट्टीला खाच आहे. खाच पाइपला घट्ट बसेल अशी कापली होती, दिसायला नीट. पाइपवरून चढलेलं मीठ त्या फटीत साचायचं, ओल धरायचं आणि इपॉक्सी तिथे पांढरा पडू लागला. खाच दोन्ही बाजूंनी १५ मिमी मोठी केली, कडा पुन्हा इपॉक्सीने भरल्या. आता पाण्याच्या आठवड्याच्या बदलाच्या वेळी ओल्या फडक्याने तेवढी जागा पुसली जाते. फडकं गोड्या पाण्याचं हवं, खाऱ्या पाण्याचं नाही.